एक कविता, अनेक हात : वाचकांचे प्रश्न

ऑनलाइन गटात मिळून कविता लिहिणाऱ्यांची बरीच पत्रे आली आहेत. सारख्याच अडचणीची पत्रे एकत्र करून त्यांची उत्तरे इथे देत आहोत.

प्रश्न : आमच्या गटात तेवीस जण आहेत. आठवड्यातून एकदा कुणीतरी पहिली ओळ देतो आणि बाकीचे एकेक ओळ जोडत जातात. सुरुवात झकास होते, पण सातव्या-आठव्या ओळीपासून कवितेचा विचका होतो. चुकते कुठे?

उत्तर : तेवीस जणांची एक कविता होत नाही, जत्रा होते. चार-पाच जणांच्या तुकड्या करा. एकाच पहिल्या ओळीवर पाच तुकड्यांनी लिहिलेल्या पाच कविता शेजारी ठेवून वाचायला जास्त मजा येते, आणि कुणाला आठवडाभर आपल्या पाळीची वाट पाहत बसावे लागत नाही.

दुसरे म्हणजे एक ओळ हे माप मराठीला फार तोकडे पडते. आपले क्रियापद बहुधा शेवटी येते. पहिल्याने ‘खिडकीपाशी ठेवलेली ती जुनी वही’ एवढेच लिहून सोडले, तर त्या वहीचे काय झाले हे दुसरा ठरवतो. दुसऱ्यानेही क्रियापद पुढे ढकलले, की तिसऱ्याच्या गळ्यात दोन अर्धवट वाक्ये पडतात. म्हणून प्रत्येकाने दोन ओळी लिहाव्यात आणि दुसरी ओळ संपताना वाक्य पुरे व्हावे. एवढा एकच नियम लावला तरी निम्मा गोंधळ आवरतो.

तिसरी गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. ओळ आली रे आली की तिच्याखाली हृदयचिन्हे पडू लागतात. ती कुठल्या ओळींना पडतात ते बघा : चमकदार, सुविचारासारख्या, आपल्यापुरत्या पूर्ण असणाऱ्या ओळींना. ‘मग तिने दार लावले’ या ओळीला कुणी हृदय देत नाही, पण कविता उभी राहते ती अशाच ओळींवर. चिन्हे मिळवण्याच्या नादात प्रत्येक जण शेवटची ओळ लिहू लागतो, आणि आठ शेवटच्या ओळी एकाखाली एक रचल्या की कविता होत नाही. कविता पुरी होईपर्यंत चिन्हे, वाहवा, टाळ्या सगळे बंद ठेवा.

आणि पाळी ठरवून घ्या. ‘ज्याला सुचेल त्याने’ असे म्हटले की दोघे एकाच वेळी टंकत असतात, दोघांच्या ओळी एकाच मिनिटात पडतात आणि तिथून दोन फाटे फुटतात. नावांचा क्रम पहिल्या संदेशात लिहून तो गटात वर टाचून ठेवायचा. आपली ओळ लिहिताना बघायचे ते नुकत्याच आलेल्या ओळीकडे; सगळे जण पहिल्या ओळीलाच उत्तर देत राहिले तर कविता जागची हलत नाही.

प्रश्न : नवख्यांनी कोणत्या रचनेपासून सुरुवात करावी? मुक्तछंद सोपा जाईल ना?

उत्तर : एकट्याला कदाचित जाईल, गटाला तोच सगळ्यात अवघड. मुक्तछंदात ओळ कुठे तोडायची हे प्रत्येकाचा कान ठरवतो आणि चार कान चार ठिकाणी तोडतात. मोजता येणारी रचना घेतली की निदान मापाबद्दल वाद होत नाही.

आमची शिफारस मोठ्या अभंगाची. चार चरण, पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार, यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात. इथे मात्रा (ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन) मोजायच्या नसतात, फक्त अक्षरे. जोडाक्षर एकच धरायचे, आणि शब्दाच्या शेवटचे अक्षर बोलताना अर्धे वाटले तरी पूर्ण मोजायचे. चौघांनी एकेक चरण घेतला तर असे होते :

एक एक शब्द
ज्याचा त्याचा धागा
विणताना जागा
सापडते

‘शब्द’ म्हणजे श आणि ब्द, दोन अक्षरे. पहिला चरण ए-क-ए-क-श-ब्द असा सहाचा भरतो. (चौघांत हे एकच वाक्य आहे हे खरे, चरण इतका लहान असला की वाक्य वाटून घ्यावेच लागते.) चौघांपैकी सगळ्यात कठीण काम तिसऱ्याचे. त्याला दुसऱ्याचे यमक सांभाळायचे असते आणि चौथ्यासाठी चार अक्षरांत मावेल असे काही शिल्लक ठेवायचे असते. म्हणून पुढच्या कडव्याला क्रम एकाने सरकवा, म्हणजे हे ओझे सगळ्यांच्या वाट्याला येते.

प्रश्न : आम्ही भुजंगप्रयात वृत्तात लिहितो. एका सदस्याची ओळ म्हणताना बरोबर वाटते, पण दुसरा म्हणतो मात्रा चुकल्या. मोजायला बसलो की तिघांचे तीन आकडे येतात. निवाडा कसा करायचा?

उत्तर : ओळ समोर घेऊन, अक्षर अक्षर फोडून. भुजंगप्रयातात चार य गण, म्हणजे ‘लगागा’ हा तीन अक्षरांचा गट चार वेळा (ल म्हणजे लघु, एका मात्रेचे अक्षर; गा म्हणजे गुरू, दोन मात्रांचे) : १२ अक्षरे, २० मात्रा. समजा पहिली ओळ अशी आहे :

जुना वाट पाहे दिवा ओसरीचा

जु-ना-वा, ट-पा-हे, दि-वा-ओ, स-री-चा. चोख. आता दुसऱ्याने जोडले :

चाहूल येते तुझ्या पावलांची

म्हणून बघा, कानाला खटकत नाही. पण मोजली तर अक्षरे ११ आणि मात्रा १९. सुरुवातीचा लघु गळला आहे; ‘चा’पासून पुढे सगळे ठोके जागेवर आहेत. म्हणणारा नकळत आधीच्या ओळीच्या शेवटी श्वास लांबवतो आणि ती मात्रा भरून काढतो, म्हणून ओळ ‘बरोबर वाटते’. भुजंगप्रयातात ही चूक सर्रास होते. पटकन सुचणारा उपाय म्हणजे पुढे एक लघु चिकटवणे : ‘नि चाहूल येते तुझ्या पावलांची’. वृत्त सुधारले, पण तो ‘नि’ भरतीचा आहे हे लहान मूलही सांगेल. त्यापेक्षा ओळ फिरवावी :

पुन्हा नाद येतो तुझ्या पावलांचा

पु-न्हा-ना, द-ये-तो, तु-झ्या-पा, व-लां-चा. शिवाय ‘ओसरीचा’शी यमकही लागले. तसे ते कच्चेच, कारण जुळतो तो नुसता ‘चा’ प्रत्यय. पण दोन ओळींपुरते चालून जावे.

आता तीन आकड्यांचे कोडे. भांडण बहुतेक वेळा ‘तुझ्या’ आणि ‘पुन्हा’ या शब्दांवरून लागते. जोडाक्षराच्या आधीचा लघु गुरू होतो हा नियम सगळ्यांना पाठ असतो. तो आघात पडला तरच होतो, हा त्याचा दुसरा अर्धा भाग विसरला जातो. ‘सत्य’मधल्या स वर आणि ‘पुस्तक’मधल्या पु वर आघात येतो, म्हणून ते गुरू. ‘तुझ्या’, ‘तुम्ही’, ‘पुन्हा’ यांत पहिल्या अक्षरावर आघात येत नाही, ते लघुच राहते. ‘दुसऱ्या’मधला स सुद्धा लघु. शंका आली तर शब्द मोठ्याने उच्चारून बघा : जोडाक्षर फुटून त्याचा अर्धा भाग आधीच्या अक्षराला चिकटत असेल (सत्‌-त्य) तर गुरू, नसेल तर लघु. अनुस्वाराचे अक्षर गुरू. ‘घरं’, ‘चांदणं’ अशा बोलीतल्या रूपांत शेवटचे अक्षर लांबवून उच्चारले जाते, म्हणून तेही गुरूच धरतात.

गटासाठी एक सोय : ओळ पाठवतानाच तिच्याखाली ‘लगागा’ची फोड लिहून पाठवण्याचा दंडक घाला. ज्याने फोड लिहिली, त्याला आपली चूक पाठवण्याआधीच दिसते.

प्रश्न : तरही गझलेचा, म्हणजे दिलेल्या एका ओळीवर गझल रचण्याचा, उपक्रम घेतला. दिलेल्या मिसऱ्यावर (ओळीवर) आठपैकी तिघांनीच लिहिले, बाकीच्यांना काफिये (यमकाचे शब्द) सापडेनात. मिसरा निवडताना काय पाहावे?

उत्तर : मिसरा देणाऱ्याने तो जाहीर करण्याआधी स्वतः निदान बारा-पंधरा काफिये कागदावर लिहून काढावेत, आणि त्यांतले प्रत्येक रदीफेशी (काफियानंतर दर शेरात तसाच येणाऱ्या शब्दाशी) अर्थाने जुळते का ते तपासावे. दुसरी पायरी बहुतेक संयोजक गाळतात. शब्द ढीगभर सापडतात, पण रदीफ त्यांना जवळ येऊ देत नाही.

उदाहरण म्हणून आनंदकंद वृत्तातला (गागालगा लगागा, दोनदा, २४ मात्रा) हा मिसरा घ्या :

आता नको विचारू माझे ठिकाण कोठे

रदीफ ‘कोठे’, काफिया ‘ठिकाण’, अलामत (काफियातला शेवटच्या व्यंजनाआधीचा, न बदलणारा स्वर) आ. उधाण, प्रमाण, निशाण, पुराण, कृपाण हे शब्द मात्रांनी थेट ‘ठिकाण’च्या जागी बसतात. ताण, खाण, वाण, जाण, प्राण यांच्यापुढे एक लघु यायला हवा, एवढेच. म्हणजे दहा काफिये हातात आहेत, आणि ‘कोठे’ ही रदीफ प्रश्नाची असल्यामुळे बहुतेकांना सामावून घेते. ‘कोण कोठे’ मात्र चालणार नाही, तिथे ण च्या आधी ओ आला आणि अलामत मोडली. ‘तहान’ही नाही, न आणि ण वेगळे आहेत. असे चुकीचे दोन-तीन नमुने मिसऱ्याबरोबरच दिले तर नवख्यांचे श्रम वाचतात.

दिलेल्या ओळीवर उला मिसरा (शेराची पहिली ओळ; दुसरी ती सानी) कसा चढवायचा, याचा एक नमुना :

पायांत वाट आहे, डोळ्यांत गाव नाही
आता नको विचारू माझे ठिकाण कोठे

वरची ओळ स्वतंत्र चित्र देते, खालचीचा अर्थ समजावत बसत नाही. बहुतेक तरही शेर फसतात ते उला मिसरा सानीचेच दुसऱ्या शब्दांत निरूपण करतो म्हणून.

प्रत्येकाने आपापली पाच-सात शेरांची गझल लिहायची असेल तर काफिये एकमेकांशी जुळले तरी बिघडत नाही. पण सर्वांची मिळून एकच गझल करायची असेल तर काफिया आधी नोंदवायला लावा : ‘उधाण माझा’ असा संदेश टाकला की तो दोन दिवस त्याचा. नाहीतर तिघांचे तीन ‘उधाण’ येतात आणि कुणाचा ठेवायचा यावरून मने दुखावतात. मतला (गझलेचा पहिला शेर) एकट्याने न लिहिता दोघांना द्यावा, एकेक ओळ.

गझल नको असेल त्यांनी समस्यापूर्ती करावी, ती आपल्याकडची आणखी जुनी वाट. दिलेला चरण शेवटी आलाच पाहिजे आणि आधीच्या चरणांनी त्याला अर्थ दिला पाहिजे. ‘ठठं ठठं ठं ठठठं ठठं ठः’ हा प्रसिद्ध चरण नुसता वाचला तर निरर्थक. पाणी आणणाऱ्या तरुणीच्या हातून सोन्याचा घडा निसटून पायऱ्यांवरून घरंगळत गेला, हे आधीच्या चरणांत आल्यावर तोच आवाज होतो. समस्या देताना इतके टोक गाठायला नको, पण दिलेल्या चरणातून दोन-तीन वेगळ्या गोष्टी निघू शकतील एवढे बघावे. ज्यात सगळे सांगून झाले आहे अशा चरणाची पूर्ती करण्यासारखे काही उरतच नाही.

प्रश्न : जपानी रेंगाबद्दल (अनेकांनी मिळून रचायच्या साखळी-कवितेबद्दल) वाचले. मराठीत करता येईल का? आमचा प्रयत्न म्हणजे हायकूंची माळ झाली.

उत्तर : माळ झाली, कारण जोडायचे लक्षात राहिले आणि वळायचे राहून गेले. रेंगाचा जीव या दोन्हींत आहे. पहिले कडवे ५-७-५ अक्षरांचे (हायकू पुढे याच सुरुवातीच्या कडव्यातून वेगळा झाला), दुसरे ७-७ चे, मग पुन्हा ५-७-५, असे आलटून पालटून. नियम असा : प्रत्येक कडव्याचा आधीच्या कडव्याशी काही धागा हवा, पण त्याच्या आधीच्याशी मुळीच नको. तिसरे कडवे दुसऱ्याशी बोलते आणि पहिल्याकडे पाठ फिरवते. १४८८ साली सोगी, शोहाकू आणि सोचो या तिघा कवींनी मिनासे इथे रचलेली शंभर कडव्यांची साखळी या प्रकारातली सर्वात गाजलेली. सतराव्या शतकातला हायकूकार बाशो याच्या काळात ३६ कडव्यांचा ‘कासेन’ रूढ झाला. त्यात चंद्र तीनदा आणि फुले दोनदा, तीही ठरलेल्या जागी. तुम्ही बारा कडव्यांपासून सुरुवात करा आणि चंद्राची एकच जागा ठरवा.

तीन कडवी जवळून पाहू.

पहिला थेंब
वळचणीखालून
उडे चिमणी

पानावरचा पत्ता
शाईसकट वाहे

तिठ्यावरची
अनोळखी मुलगी
बोट दाखवे

दुसऱ्याने पाऊस घेतला आणि चिमणी सोडली. तिसऱ्याने पुसला गेलेला पत्ता घेतला : आता वाट विचारावी लागणार. पाऊस त्याने सोडून दिला. पहिले आणि तिसरे कडवे शेजारी ठेवले तर त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि तसेच हवे. इथे तिसऱ्याने ‘ओल्या पंखांनी’ अशी सुरुवात केली असती तर साखळी गोल फिरून चिमणीपाशी परत आली असती. ही चूक सगळ्यात जास्त वेळा होते, कारण पहिले कडवे सगळ्यांच्या मनात घर करून बसलेले असते. म्हणून एक जण सूत्रधार हवा. त्याने स्वतः कडवे न लिहिता फक्त एवढेच तपासायचे : हे दोन पावले मागे गेले का?

मापाबद्दल थोडे. जपानी भाषेत मोजले जाणारे ध्वनी आपल्या अक्षरांपेक्षा हलके असतात. मराठीत सतरा अक्षरांत बराच मजकूर मावतो, त्यामुळे ५-७-५ ही कमाल मर्यादा समजा. चार-सहा-चार झाले म्हणून भरतीचे ‘गं’ आणि ‘रे’ कोंबू नका.

प्रश्न : आमच्या कवितेतला ‘मी’ मध्येच बाई होतो, मध्येच पुरुष. वाचणारे हसतात. उपाय?

उत्तर : इतरांनी हसावे असे यात काही नाही, मराठीत मिळून लिहिणाऱ्या प्रत्येक गटाला हा खड्डा लागतो. ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ यांत लिंग उघडे पडते, ‘मी पाहतो-पाहते’मध्येही. सरळ मार्ग म्हणजे सुरुवातीलाच ‘मी’ कोण ते ठरवून क्रमाच्या यादीखाली लिहून ठेवणे. ठरवायचे नसेल तर व्याकरणातल्या फटींचा फायदा घ्या. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे चालते : ‘मी दार उघडले’, ‘मी वाट पाहिली’ हे कुणीही म्हणू शकते. भविष्यकाळाला लिंग नसते : ‘मी येईन’. ‘मला दिसले’, ‘मला आठवते’ ही रचनाही निर्धोक. ‘आम्ही आलो’ तर दोघांनाही चालते, पण ‘आम्ही’ आला की कविता घोषणेकडे झुकू लागते, तेवढे सांभाळा.

याच धर्तीवर आणखी एक गोष्ट ठरवून टाका : ‘करणे’ की ‘करणं’. दोन्ही चालते, एका कवितेत दोन्ही नको.

प्रश्न : संपादनात माझ्या चारपैकी तीन ओळी गेल्या. विचारलेसुद्धा नाही. हे योग्य आहे का?

उत्तर : ओळी काढणे योग्य असू शकते, न विचारणे नाही. पण खरी चूक त्याच्या आधीची आहे : संपादन कोण करणार आणि त्याला किती मुभा आहे, हे पहिल्या ओळीआधी ठरलेले दिसत नाही. नंतर ठरवायला गेले की प्रत्येक नियम कुणाच्या तरी ओळीविरुद्ध केल्यासारखा वाटतो.

चांगली चालते अशी पद्धत सांगतो. कविता पुरी झाल्यावर दोन दिवस कुणीच हात लावायचा नाही. मग एकच संपादक (पुढच्या कवितेला दुसरा) चार फेऱ्या करतो. पहिल्या फेरीत फक्त काळ आणि पुरुष, म्हणजे ‘तू’चा ‘ती’ कुठे झाला वगैरे. दुसरीत पुनरुक्ती, चार जणांनी लिहिले की ‘मन’, ‘क्षण’, ‘आठवण’ हे शब्द हटकून तीन-तीनदा येतात. तिसरीत वृत्त. चौथीत शेवट, आणि इथे शेवटचे कडवे उडवून बघायचेच, कारण शेवटच्या माणसाला कविता ‘संपवल्याचे’ दाखवायचे असते आणि बऱ्याचदा ती त्याच्या आधीच संपलेली असते.

शब्द बदलण्याची मुभा संपादकाला असावी. पूर्ण ओळ काढायची तर ज्याची ओळ त्याला आधी दाखवावी आणि एक दिवस द्यावा. तो पर्यायी ओळ देऊ शकतो. ‘नाही’ म्हणाला तर गटाचे मत. काढलेल्या ओळी एका वेगळ्या पानावर ठेवा आणि त्या लिहिणाऱ्याच्या मालकीच्या राहतील असे स्पष्ट लिहा. तुमच्या त्या तीन ओळी घेऊन तुम्ही स्वतंत्र कविता करू शकता हे आधीच माहीत असते, तर पत्र लिहिण्याइतका राग कदाचित आला नसता.

प्रश्न : वॉट्सॲपवर कविता हरवतात, ओळींची मांडणी बिघडते. कुठे लिहावे?

उत्तर : गप्पा वॉट्सॲपवर, कविता सामायिक दस्तऐवजात. गूगल डॉक्समध्ये ‘सूचना’ पद्धत चालू ठेवली की बदल थेट न होता रंगीत दिसतो आणि कुणी केला तेही कळते. जुनी आवृत्ती इतिहासातून परत आणता येते. संपादनाचा अधिकार तुकडीतल्या चार-पाच जणांनाच, बाकीच्यांना फक्त वाचण्याचा किंवा अभिप्रायाचा.

वॉट्सॲपवरच लिहायचे असेल तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. पाठवलेला संदेश पंधरा मिनिटांपर्यंतच दुरुस्त करता येतो, नंतरची सुधारणा नव्या संदेशात ‘सुधारित’ असे लिहून. ओळीच्या सुरुवातीला उणे चिन्ह आणि मोकळी जागा दिली की त्याची बिंदुयादी होते. दोन तारकाचिन्हांमध्ये (*) शब्द अडकला की ठळक होतो. मोकळ्या जागा देऊन ओळी मध्यावर आणण्याचा खटाटोप करू नका, दुसऱ्याच्या फोनवर त्या वेड्यावाकड्या दिसतात. आपोआप नाहीसे होणारे संदेश बंद आहेत ना, ते पाहा. रोज रात्री एकाने त्या दिवसाच्या ओळी दस्तऐवजात उतरवून घ्याव्यात, ओळीपुढे नाव आणि तारीख. हा कंटाळवाणा उद्योग पुढे श्रेयाच्या वादात कामी येतो.

प्रश्न : गंभीर लिहून लिहून गट मरगळला आहे. एखादा खेळ सुचवा.

उत्तर : पॅरिसमधल्या अतिवास्तववाद्यांनी १९२५च्या सुमारास खेळलेला खेळ घ्या. प्रत्येक जण वाक्याचा एक भाग लिहून कागद दुमडायचा, पुढच्याला आधीचे दिसायचे नाही. त्यातून निघालेल्या पहिल्या वाक्यावरूनच खेळाला ‘उत्कृष्ट प्रेत’ असे नाव पडले. ऑनलाइन खेळताना प्रत्येकाने आपला शब्द संयोजकाला खासगीत पाठवायचा.

मराठीत एक अडचण येते, लिंगवचनाची. ‘निळी दगड’ असले काही निघते आणि सगळे त्यावरच हसत बसतात. म्हणून विशेषणे न बदलणारी घ्या : उदास, लाल, शांत, गोल. नामे एकवचनी, आणि कर्म निर्जीव वस्तूचे, म्हणजे ‘ला’ लावावा लागत नाही. क्रियापद सकर्मक आणि भविष्यकाळात : गिळेल, उघडेल, विसरेल. क्रम असा : विशेषण, कर्ता, विशेषण, कर्म, क्रियापद. पाच जणांचे पाच शब्द जुळले की ‘उदास खिडकी शांत आरसा गिळेल’ असे वाक्य तयार होते. दहा वाक्यांतली आठ टाकाऊ निघतील. उरलेल्या दोनांतले एक पुढच्या कवितेची पहिली ओळ म्हणून द्या.

प्रश्न : एक सदस्य यंत्राकडून ओळी लिहून घेतो असा संशय आहे. कसे ओळखावे?

उत्तर : खात्रीने ओळखता येत नाही, आणि संशयावरून जाब विचारला तर गट फुटतो. नियम आधी करा : वापरायचे की नाही, वापरले तर सांगायचे का. ओळीबरोबर ती का सुचली हे प्रत्येकाने एका वाक्यात लिहायची प्रथा पाडली तर बरेच प्रश्न आपोआप सुटतात. मात्रांचे काम यंत्रावर सोपवत असाल तर सावध राहा. ‘तुझ्या’ला तेही अडखळू शकते.

प्रश्न : पाच जणांची कविता मासिकाला पाठवायची आहे. हक्क कुणाचा, नावे कशी द्यायची?

उत्तर : कुणाचा भाग कोणता हे वेगळे काढता येत नसेल, तर ती संयुक्त कृती आणि हक्क सगळ्यांचा मिळून. बर्न करार (लेखनहक्काचा आंतरराष्ट्रीय करार) पाळणाऱ्या देशांत अशा कृतीच्या हक्काची मुदत सर्वांत शेवटी निधन पावलेल्या लेखकापासून मोजतात. करारातली किमान मुदत त्यानंतर ५० वर्षे, काही देशांत ती जास्त आहे. व्यवहारात याचा अर्थ इतकाच, की छापायला देण्याआधी पाचही जणांची लेखी संमती घ्यायची. गटातला ‘हो, चालेल’ असा संदेशही नसण्यापेक्षा बरा, पण कवितेचे शीर्षक आणि मासिकाचे नाव त्या संदेशात असू द्या.

नावे वर्णानुक्रमे किंवा ओळींच्या क्रमाने. जास्त ओळी त्याचे नाव आधी, असा हिशेब मांडू नका. ज्याने सांधे जुळवले त्याच्या ओळी बहुधा सगळ्यात कमी असतात. संपादकाचे नाव वेगळे द्या. आणि पाठवण्याआधी कविता समाजमाध्यमांवर खुली टाकू नका. बरीच मासिके तशी कविता पूर्वप्रकाशित धरतात.

प्रश्न : पाळी आली की काही जण गप्प होतात. किती थांबायचे?

उत्तर : अठ्ठेचाळीस तास. चोवीस तासांनी एक खासगी आठवण, गटात नाही. मुदत संपली की पाळी पुढे, आणि त्याला परत यायचे असेल तर क्रमाच्या शेवटी. कारण विचारायचे नाही.